करार पाळणं हे घेणाऱ्याचंही काम आहे

करार फसला की सगळ्यांची नजर एकाच माणसाकडे वळते. ज्यानं काम करायचं होतं, माल पोचवायचा होता, पैसे फेडायचे होते, तो. समोरचा मात्र हाताची घडी घालून बसलेला असतो: ‘मी पैसे मोजलेत, आता मला काय करायचंय?’ आपल्याला हा पवित्रा रास्त वाटतो. कायद्याला तो फार जुन्या काळापासून रास्त वाटत आलेला नाही, आणि याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

वेबसाइट बनवून देण्याचं काम घ्या. मुदत ठरली, आगाऊ रक्कम दिली. पण मजकूर, फोटो, जुन्या सर्व्हरचा पासवर्ड हे सगळं गिऱ्हाइकाकडून यायचंय, आणि ते येतच नाही. आठवण केली की ‘बघतो, पाठवतो’. मुदत उलटली की हेच गिऱ्हाईक दिवस मोजून दंडाची भाषा करतं. अशा भांडणात काम करणारा माणूस बहुतेक वेळा आधी माफी मागतो. का मागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ६७ नेमकं इथेच लागू पडतं. कायद्यातलंच उदाहरण आहे: ‘अ’नं ‘ब’च्या घराची दुरुस्ती करायचं कबूल केलं, पण दुरुस्ती कुठे कुठे करायची ते ‘ब’ दाखवतच नाही. त्यामुळे काम राहिलं, तर त्याचा ठपका ‘अ’वर नाही. कलम ५३ आणखी पुढे जातं. काम करायला तयार असलेल्या माणसाला दुसऱ्या पक्षानंच अडवलं, तर अडवलेला माणूस करार रद्द करू शकतो आणि नुकसानभरपाईही मागू शकतो.

कलम ३८ मला जास्त आवडतं, कारण ते देणाऱ्यालाही मोकळं सोडत नाही. मी माल द्यायला गेलो आणि तुम्ही तो घ्यायला नकार दिला, तर करार न पाळल्याचा दोष माझ्यावर येत नाही आणि माझे हक्कही जात नाहीत. पण माझं देऊ करणं खरं हवं. बिनशर्त हवं, योग्य वेळी आणि योग्य जागी हवं, सगळंच्या सगळं द्यायची माझी तयारी तुम्हाला दिसायला हवी. कापसाच्या १०० गाठी ठरल्या असतील, तर त्या ठरलेल्याच प्रतीच्या आहेत ना हे तपासायला तुम्हाला पुरेसा वाव द्यायला हवा. ‘मी येऊन गेलो, तुम्ही नव्हता’ एवढ्यानं भागत नाही.

यातला सगळ्यात रंगतदार दाखला रोमन कायद्यात आहे. द्राक्षारस विकला, तो मोजून नेण्यासाठी दिवस ठरवून दिला, आणि विकत घेणारा आलाच नाही. विकणाऱ्याची पिंपं अडकून पडलेली. उल्पियन नावाचा कायदेपंडित म्हणतो, विकणारा तो द्राक्षारस ओतून टाकू शकतो. मात्र लगेच नाही. आधी साक्षीदारांसमक्ष बजावायचं, की नेत असशील तर ने, नाहीतर ओतून देणार. आणि ओतून टाकण्याचा हक्क असूनही ज्यानं ओतला नाही, तो उलट कौतुकाला पात्र. अशा माणसाला अडकलेल्या पिंपांचं भाडं मागता येतं, पण ती पिंपं तो एरवी भाड्यानं देणार असेल किंवा त्याला दुसरी भाड्यानं घ्यावी लागली असतील तरच. हक्क, पूर्वसूचना, सबुरी आणि हिशेब हे चारही एकाच उताऱ्यात! आजच्या करारनाम्यांची पानंच्या पानं वाचूनही इतका व्यवहारी शहाणपणा क्वचित सापडतो.

युरोपातल्या संहितांनी हाच धागा पुढे नेला. १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेचं कलम २४२ सांगतं, की जबाबदारी सद्भावानं पार पाडायची. ते वाक्य देणाऱ्याला उद्देशून आहे, पण जर्मन न्यायालयांनी त्याचा अर्थ दोन्ही पक्षांना बांधणारा असाच लावला. कलम २९३ पासून पुढे तर घेणाऱ्यानं केलेल्या दिरंगाईचे स्वतंत्र नियमच आहेत. त्या काळात वस्तूचं काही बरंवाईट झालं, तर देणारा फक्त मुद्दाम केलेल्या किंवा ढोबळ हलगर्जीपणासाठी जबाबदार. वस्तू सांभाळण्याचा जादा खर्च घेणाऱ्याकडून वसूल. शिकवणीला शिक्षक वेळेवर हजर पण विद्यार्थीच नाही, तर कलम ६१५ प्रमाणे तास बुडाला तरी फी बुडत नाही.

जर्मन विचाराशी माझं एका ठिकाणी जमत नाही. तिथे स्वीकार करणं हे सर्वसाधारणपणे कर्तव्य मानत नाहीत. तो घेणाऱ्यावरचा सौम्य भार आहे, न पाळल्यास त्याचंच नुकसान. विक्री आणि कंत्राटी कामात मात्र स्वीकार हेही कर्तव्यच. मला वाटतं, हा अपवादच नियम असायला हवा होता. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या करारानं ते विक्रीपुरतं स्पष्ट केलंय: विकणाऱ्याला माल देता यावा म्हणून वाजवी ते सगळं करणं ही खरेदीदाराचीच जबाबदारी (कलम ६०), आणि जे आपल्यामुळेच अडलं त्याबद्दल दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही (कलम ८०).

फ्रान्सनं २०१६ च्या सुधारणेत यावर चक्क मुदत घातली. घेणारा कारण नसताना अडवत असेल तर त्याला रीतसर नोटीस द्यायची. तेवढ्यानं व्याज थांबतं आणि वस्तूची जोखीम त्याच्याकडे जाते. दोन महिन्यांत अडवणूक संपली नाही, तर पैसे असतील ते सरकारी ठेव संस्थेत जमा करायचे, वस्तू असेल ती व्यावसायिक राखणदाराकडे ठेवायची. सेवा किंवा काम असेल, तर देणारा सुटलाच. ‘बघतो, पाठवतो’ला याहून चोख उत्तर मी वाचलेलं नाही.

आता उलटी बाजू. ‘तुम्हीच सहकार्य केलं नाही’ ही ढाल आळशी कंत्राटदारांनाही फार प्रिय असते. एक पासवर्ड उशिरा मिळाला म्हणून सहा महिन्यांचा उशीर माफ होत नाही. आपल्या करार कायद्याच्या कलम ६७ मध्येही अट आहेच: जेवढं काम त्या हयगयीमुळे राहिलं, तेवढ्यापुरतीच सुटका. आणि सहकार्य म्हणजे दुसऱ्याचं काम आपण करणं नव्हे. रंग कोणता हवा ते सांगणं माझं काम, भिंत घासणं माझं नाही.

घेणाऱ्यानं आणखी एक लक्षात ठेवावं. वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि उशिरा आलेलं काम तुम्ही मुकाट्यानं ताब्यात घेतलं, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही, स्वीकारतानाच तसं बजावलं असेल तरच येते. हेही आपल्याच करार कायद्यातलं, कलम ५५.

माझा आग्रह साधा आहे. करारनाम्यात ‘काम करणाऱ्यानं काय, केव्हा द्यायचं’ याच्या शेजारी ‘काम घेणाऱ्यानं काय, केव्हा द्यायचं’ असा रकाना हवा, आणि त्याच्याकडून जितके दिवस उशीर तितके दिवस मुदत आपोआप पुढे, हे वाक्यही. ज्या गिऱ्हाइकाला या रकान्याचा राग येतो, त्याच्याकडून आगाऊ रक्कम थोडी जास्तच घ्यावी.

वकील मित्रमैत्रिणींना विचारायचंय: कलम ६७ चा बचाव तुम्ही प्रत्यक्ष कोर्टात घेतलाय का? पुरावा म्हणून काय चाललं, नुसते व्हॉट्सअॅप मेसेज पुरले की रीतसर नोटीसच लागली?