तिकडं कुणी विचारत नाही म्हणे

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं त्यावर मी एक शब्द लिहिला नाही. तीनदा टाईप केलं, तीनदा डिलीट केलं. ते डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय, जरा लांबेल.

झालं असं की वर्गातला एक मित्र, कोल्हापुरातच ज्युनियर कॉलेजला शिकवतो, त्याचे वडील गेले. त्यानं नेत्रदान केलं, रक्षा नदीत न सोडता शेतात आंब्याचं रोप लावून त्याच्या आळ्यात टाकली, आणि दहावा-तेरावा काही करणार नाही असं ग्रुपवर दोन ओळीत लिहिलं. भेटायला या, जेवण नाही, बस. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. तिसऱ्या दिवशी सुरू. कावळा कसा शिवणार, बापाचा आत्मा लटकत ठेवलास, आईच्या मनाचा विचार केलास का. मग ते नेहमीचं आलंच, तुम्हा लोकांची सगळी हिंमत हिंदूंपुढं, जा की चर्चपुढं बोलून दाखवा. आणि त्याची बाजू घेणारा एक पुण्याचा आयटीवाला, तो त्याहून भारी. म्हणे भावा युरोपात जा, तिकडं कुणी देवाचं विचारत नाही, चर्च विकून हॉटेलं काढलीत लोकांनी. आणि दोन्ही पार्ट्यांनी शेवटी मला टॅग केलं. विचारा याला, हा तिकडंच आहे.

हा तिकडंच आहे, बरोबर. दहा-बारा वर्षं झाली, पोलंडातल्या क्राकुफमध्ये. पण तिकडं म्हणजे कुठं राव? हॉटेल झालेली चर्च हॉलंडात बघितली असतील तुम्ही, ट्रिपला गेला असाल. मी जिथं राहतो तिथं जानेवारीत फादर घरी येतात आणि दारावर खडूनं के अधिक एम अधिक बी (बायबलमधल्या तीन राजांच्या नावांची अक्षरं) आणि सालाचा आकडा लिहून जातात, आणि तो आकडा पुसायची माझी आजवर हिंमत झालेली नाही. मागच्या वर्षीचा फिकट झालेला तसाच आहे, त्याच्याखाली यंदाचा.

माझी बायको पोलिश. ती देव मानत नाही, मीही मानत नाही. ही गोष्ट इथं आम्हा दोघांनाच माहिती होती, आता तुम्हालाही. तिची आई तार्नुफकडच्या एका खेड्यात राहते. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, अख्ख्या पोलंडमध्ये रविवारी मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळ्यात जास्त माणसं जातात ती याच तार्नुफ धर्मप्रांतात. २०२१ च्या जनगणनेत देशात ७१ टक्के लोकांनी कॅथलिक लिहिलं, दहा वर्षांपूर्वी ते ८७ टक्के होते, म्हणजे उतरतंय, मान्य. आणि लिहिणारे सगळे जातात असंही नाही, मासला जाणारे तिनात एकसुद्धा भरत नाहीत. पण सासूबाईंच्या गावात हा हिशेब चालत नाही. तिथं रविवारी दहाच्या मासला जो दिसला नाही तो आजारी, आणि आजारी असेल तर दुपारपर्यंत घरी सूप आलेलं असतं.

सासूबाईंना मी काय वाटतो? हिंदू. आणि हिंदू चालतो! मलाही आधी माहिती नव्हतं. लग्नाआधी पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ऑफिसात बसलो होतो, बाप्तिस्मा नसलेल्या माणसाशी लग्न म्हणजे बिशपकडून परवानगी आणावी लागते, मुलं कॅथलिक वाढवीन असं बायकोनं लिहून द्यायचं आणि तिनं लिहून दिलंय हे मला माहिती आहे अशी माझी सही. फादर म्हातारे, सज्जन, चष्मा कपाळावर. त्यांनी पेन उचलून विचारलं, आपला धर्म? दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. नास्तिकालाही ती परवानगी मिळते हे मला ठाऊक होतं, मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. तरी तोंडातून आलं ते, हिंदू. लग्नाच्या प्रवचनात त्याच फादरनी वळिवड्याचा कॅम्प सांगितला, १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, सैबेरियातून सुटून आमच्या कोल्हापूरजवळ राहिलेली, त्यांची शाळा होती, चर्च होतं. आणि आज त्याच कोल्हापूरचा मुलगा आपल्याकडं आलाय, ही देवाची योजना म्हणे. सगळं गाव वळून माझ्याकडं बघत होतं. कॉलर ताठ झाली हो, खोटं कशाला बोलू. महावीर गार्डनमधला तो पोलिश लोकांचा स्तंभ मी लहानपणी कधी नीट वाचलाही नव्हता.

तेव्हापासून मी हिंदू आहे. कोल्हापुरात असताना जो शिक्का काढायला मी कॉलेजची पाच वर्षं वाद घातले तो इथं अंगावर घालून फिरतो, थंडीतल्या कोटासारखा. विगिल्याला, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, ओप्वातेक ही पातळ पापडी मोडताना सासूबाई माझा तुकडा मोडतात, डोळ्यात पाणी आणून म्हणतात, महत्त्वाचं हे की तू कशाला तरी मानतोस. मी मान हलवतो. बार्श्च, म्हणजे बीटचं सूप, फार छान असतं त्यांच्या हातचं.

जे म्हणतात चर्चपुढं बोलून दाखवा, त्यांनी एक लक्षात घ्या, इथं नास्तिक या शब्दाचा वास वेगळा आहे. आपल्याकडं भटजीला नको म्हणणं ही मोठ्या माणसांची वाट आहे, फुले झाले, शाहू महाराजांचं वेदोक्त प्रकरण झालं. ते नास्तिक नव्हते हे मला पण कळतं, लगेच कॉमेंट नको. पण गादीवरच्या राजानंच पुरोहिताशी भांडण काढलं म्हटल्यावर गावात तुम्हाला निदान एक आडोसा मिळतो. इथं उलटं. इथं कम्युनिस्ट सरकार देव मानत नव्हतं आणि लोक चर्चच्या मागं उभे होते. क्राकुफमधला मी राहतो तो भाग नोव्हा हुता, १९४९ पासून बांधलेलं पोलाद कारखान्याचं गाव, मुद्दाम चर्चशिवाय आखलेलं. १९६० मध्ये चर्चच्या जागेवरचा क्रूस उपटायला कामगार आले तर बायका आडव्या आल्या, दंगल झाली. शेवटी लोकांनी चर्च उभारलंच, १९७७ मध्ये त्याचं उद्घाटन केलं कार्डिनल वोयतिवांनी, जे पुढच्याच वर्षी पोप झाले. आणि सासूबाईंना डिसेंबर ८१ चा मार्शल लॉ आठवतो. दुकानात नुसता व्हिनेगर, आणि चर्चच्या तळघरात बाहेरून आलेलं पीठ, चीज, दुधाची पावडर. त्यांच्या लेखी नास्तिक म्हणजे पार्टीचा तो माणूस, जो कोण मासला जातं याची यादी करायचा. आता जा आणि त्या बाईला सांगा, आई, मी पण त्यातलाच.

कायद्याचं म्हणाल तर इथंही धार्मिक भावना दुखावल्या की कलम १९६, दोन वर्षांपर्यंत कैद. डोदा नावाची पॉप गायिका आहे, तिनं मुलाखतीत म्हटलं की बायबल लिहिणारे दारू पिऊन आणि काहीतरी ओढून लिहीत होते. ५ हजार झ्वोटी दंड. युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला तो २०२२ मध्ये, बोलली होती २००९ मध्ये. (आपल्याकडं २९५ अ ला तीन वर्षं होती, नव्या संहितेतही तीनच आहेत, म्हणजे यात आपण पुढं.) १९९७ च्या यांच्या राज्यघटनेत पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की देव मानणारे आणि न मानणारे सगळे मिळून आम्ही राष्ट्र. बायकोला ते पाठ आहे. आणि त्याच वर्षी दोन खासदारांनी रात्रीत संसदेच्या सभागृहात क्रूस टांगला, तो अजून तिथंच आहे. आणखी मागं जायचं तर काझिमिएश विश्चिन्स्की, देव नाही असा ग्रंथ लिहिला म्हणून १६८९ मध्ये वॉर्सात त्याचं मुंडकं उडवलं. सांगा पुण्याच्या त्या आयटीवाल्याला, युरोप.

हे सगळं टाईप करून झालं होतं ग्रुपवर. सेंड करणार तेवढ्यात आठवलं की आमच्या गावात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या पानसरेंना गोळ्या घातल्या, आणि त्याच्या दीड वर्ष आधी पुण्यात दाभोलकरांना. १६८९ कशाला पाहिजे. मी तेव्हा इथं ऑफिसात होतो, डीपी काळा केला, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झाब्का दुकानातून बिअर आणली. हा मित्र पुढं कोल्हापुरात त्या खुनाच्या निषेधात निघणाऱ्या निर्भय मॉर्निंग वॉकला जायचा. बायकोला न सांगता नाही, सांगून जायचा.

माझी बायको माझ्यापेक्षा धीट आहे असं मला वाटायचं. २०२० च्या ऑक्टोबरात गर्भपात जवळजवळ बंद करणारा कोर्टाचा तो निकाल आला तेव्हा ती रोज रात्री रस्त्यावर होती, मास्कवर निषेधाची खूण, लाल वीज. त्याच आठवड्यात तिनं धर्मत्यागाचा फॉर्म डाऊनलोड केला. पण तो मेलनं पाठवून चालत नाही, स्वतः फादरसमोर जाऊन द्यावा लागतो, आणि शेवटी नोंद होते ती जिथं बाप्तिस्मा झाला तिथल्या रजिस्टरात. म्हणजे तार्नुफकडं. म्हणजे चष्मा कपाळावरच्या त्या फादरांच्या टेबलावर, म्हणजे रविवारपर्यंत आईला कळणार. फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, व्हॅक्यूम क्लीनरच्या वॉरंटी कार्डाखाली. तो अजून आहे की नाही हे मी अधूनमधून बघतो, ती पण बघत असणार, बोलत नाही कुणी.

आणि कोलेंदाला, म्हणजे फादरांच्या त्या जानेवारीतल्या भेटीला, सासूबाई खास बस पकडून येतात. फादरना बोलवायचं नाव आम्ही नोंदवलं का हे त्या डिसेंबरातच फोनवर विचारतात, नोंदवतो. आमच्या घरात क्रूस नाही हे त्यांना माहिती आहे, कधी विषय काढला नाही. त्या पिशवीतून पांढरा इस्त्रीचा टेबलक्लॉथ काढतात, मग दोन मेणबत्त्या, मग किचन टॉवेलमध्ये गुंडाळलेला पितळी क्रूस. मांडतात. फादर येतात, प्रार्थना, पाण्याचे शिंतोडे, मला योगाबद्दल दोन प्रश्न, पाकीट, खडू. ते गेले की सासूबाई क्रूस परत टॉवेलमध्ये गुंडाळतात आणि पिशवीत घालतात. इथंच ठेवा असं मी कधी म्हटलं नाही, नका आणू असंही नाही. त्यांना सगळं कळतंय का? मला वाटतं कळतं. विचारायची त्यांची पण हिंमत नसावी.

घरी कोल्हापूरला वेगळं नाटक. गणपतीत आईचा फोन, आरती केलीस का रे? केली, यूट्यूबवर लावून. दुर्वा मिळतात का तिकडं? नाही गं, कोथिंबीर वाहिली. आईला हसू येतं, चालतंय बाप्पाला म्हणते. गणपती आहे माझ्याकडं, पितळी, टीव्हीशेजारी, सासूबाई आल्या की त्याला हात जोडतात, आपल्या घरातला एवढा एकच माणूस त्याला नमस्कार करतो. म्हणजे इथं मी हिंदू म्हणून सुटलो आणि तिथं परदेशात आहे म्हणून सुटलो. २०११ च्या जनगणनेत भारतात नास्तिक असं लिहून देणारे जेमतेम ३३ हजार निघाले, त्यातले साडेनऊ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातले, आणि मी तेव्हा कोल्हापुरातच होतो, प्रगणक दारात आला होता, आईनं सांगितलं हिंदू, मी आत पोहे खात होतो.

ग्रुपवर टोमणे मारणाऱ्यांचा राग आहेच, पण त्या पुण्यावाल्याचा जास्त आला. युरोपात जा म्हणे. अरे मित्र तिकडं गेला नाही. त्याची आई त्याच घरात आहे, काकू रोज दारातून बघून तोंड फिरवतात, दहाव्याच्या दिवशी तो आईशेजारी बसून राहिला म्हणे, आणि दुपारी तिनंच विचारलं, रोपाला पाणी घातलंस का. हे त्यानं मला सांगितलं, ग्रुपवर नाही.

माझी लेक तिसरीत आहे. बाप्तिस्मा झालेला आहे, मेणबत्ती मी धरली होती, हे पण आज पहिल्यांदाच लिहितोय. शाळेत धर्माचा तास आता आठवड्याला दोनाचा एक झाला, तो दिवसाच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी, म्हणजे न बसणाऱ्या पोरांना मधे लायब्ररीत बसवायला नको. चांगला निर्णय, आम्ही दोघांनी घरात टाळ्या वाजवल्या. आणि लेक त्या तासाला बसते. वर्गातल्या सगळ्या जणी मेमध्ये पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र पापडी, घेणार, पांढरा झगा, केसात फुलं, बाब्चानं (आजीनं) सायकल कबूल केलीय. हिला नको कसं म्हणायचं. परवा तिनं विचारलं, बाबा, तू का नाही घेत ओप्वातेकसारखं ते चर्चमधलं? मी म्हटलं माझा देव वेगळा आहे. कुठला? टीव्हीशेजारचा. तिनं लगेच चित्र काढलं, हत्तीचं डोकं, बाजूला सायकल.

काल रात्री मित्राचा पर्सनलवर मेसेज आला. तुझं काहीच आलं नाही ग्रुपवर, बरा आहेस ना? मी बाहेर होतो, शिंपिणीकडं, झगा दोन बोटं आखूड करायचा होता. लिहिलं, अरे लेकीच्या शाळेचं चाललंय, धावपळ. त्यानं विचारलं, काय विशेष?

मी लिहिलं, स्नेहसंमेलन.