चावून टिपेच्या वर जाता येत नाही हो

गेल्या दोन-तीन आठवड्यांत तोच एक मेसेज मला चौघांनी पाठवला, दोन बँडमधली पोरं, एक शाळेतले म्युझिक टीचर आणि शेवटी आमचा मेव्हणा, ज्याला सॅक्स आणि क्लॅरिनेट वेगळे असतात हेच मागच्या वर्षी कळलं. वर मोठ्या अक्षरात "सॅक्सोफोनवर सगळ्यात वरचे सूर फक्त 15 दिवसांत", आणि खाली उपाय: दातांनी माउथपीस (ज्यातून फुंकतो ते तोंड) गच्च धरा, कडक रीड (माउथपीसला लावायची पातळ पट्टी) लावा, छातीतला सगळा जोर लावून फुंका, फिंगरिंगचा (कुठल्या सुराला कुठली बोटं त्याचा) तक्ता पाठ करा, आणि हाय एफ शार्पची की, म्हणजे चावी, नसलेलं जुनं वाद्य विकून टाका. रोज दहा पोरं हे फॉरवर्ड करतायत म्हणून लिहायला बसलो.

आधी एवढं कळू दे की हे सूर म्हणजे नक्की कुठले. सॅक्सच्या चाव्यांनी खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफ किंवा एफ शार्पपर्यंत जाता येतं, म्हणजे अडीच सप्तकं. त्याच्या वरचं ते अल्टिसिमो, तिथं प्रत्येक सुराला वेगळी चावी नाहीच, आणि सगळी भानगड इथंच आहे.

आता दात. हे मी स्वतः करून बसलोय. सात रस्त्याजवळ एक वरात होती, अंतऱ्यात वर जाऊन भाव खायचा म्हणून मी माउथपीस असा चावला की सूर निघायच्या ऐवजी जी किंकाळी निघाली तिनं घोडी बिचकली आणि नवरदेवाचा फेटा तिरका झाला. ओठ आतून सोलला तो वेगळाच. कारण साधं आहे, रीड हलली तर आवाज. तुम्ही जबड्यानं ती माउथपीसला चिकटवली की मधली फट मिटते, सूर आधी चढा होतो, मग पातळ होतो, मग बंदच. वरचे दात नुसते टेकवायचे असतात. खात्री करायची असेल तर नुसता माउथपीस तोंडात धरून एक सूर लावा आणि दात न आवळता तो मींड घेतल्यासारखा खाली आणून बघा. चार-पाच स्वर खाली आला तर घसा मोकळा आहे, जागचा हललाच नाही तर तुम्ही चावताय.

जोरात फुंकायचं म्हणतात ते पण तसंच. सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्समधल्या लोकांनी सॅक्सवादक वाजवत असतानाच त्यांच्या तोंडाच्या आतलं मोजलं, 2008 ला सायन्स या नियतकालिकात छापून आलं. मुरलेले वादक या अल्टिसिमोच्या पट्टीत जीभ आणि घसा असा ठेवतात की तोंडातल्या पोकळीचा गुंजणारा सूर हव्या त्या सुराच्या जवळ येतो, आणि नवख्यांना हे जमत नव्हतं म्हणून ते सूरही निघत नव्हते. म्हणजे कमी पडतं ते फुफ्फुस नाही. आपण शिट्टी मारताना खालून वर जातो तेव्हा जीभ आत काय करते ते बघा, साधारण तीच हालचाल.

माझं म्हणणं एकच आहे, सूर आधी कानात आणि घशात लागला पाहिजे, मग वाद्यात. आणि हे आपल्याला परकं नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की न छेडलेला गंधार ऐकू येतो ना? सॅक्समध्ये तेच आहे. सगळ्या चाव्या बंद करून खालचा बी फ्लॅट लावा, त्याला सा म्हणा. आता एकही बोट न उचलता, ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी चावी) न दाबता, वरचा सा काढा. मग त्याच्या वरचा पंचम, मग आणखी वरचा सा, मग गंधार, मग पंचम, मग जरासा उतरलेला कोमल निषाद. सगळं एकाच नळीत, एकाच बोटात. मी हे माळवदावर करायचो, वरचा सा चार दिवसांत आला, पहिला पंचम तीन आठवड्यांनी, आणि गंधारावर अडकलो तेव्हा शेजारचे काका खालून ओरडले, "काय करूलालास बे, कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिलास का?" गंधार आला तो गुणगुणून. आधी गळ्यात घेतला, घसा तसाच ठेवला आणि फुंकलं.

हे आलं की मग तक्ता काढा, त्याच्या आधी तो नुसता कागद आहे. एफ शार्पच्या लगेच वरच्या एकाच जी साठी चार-चार फिंगरिंग दिलेली असतात, कारण सॅक्सचा प्रकार (अल्टो, टेनर) किंवा कंपनी बदलली की चालणारं बोट बदलतं. माझ्या अल्टोवर तो जी आठ महिन्यांनी उभा राहिला, पंधरा दिवस कसले.

कडक रीडबद्दल एवढंच, कडक भाकरी चांगली, कडक रीड नाही. फार मऊ रीड वर गेल्यावर मिटते हे खरं, पण म्हणून थेट 4 नंबर लावला (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) तर नुसती हवा येते आणि माणूस परत चावायला लागतो. अडीच-तीन पुष्कळ आहे. आपल्याकडं एप्रिलमध्ये रीडचं टोक वाळून पन्हाळी पत्र्यासारखं होतं, तेव्हा नंबर बदलण्याआधी ती पाण्यात भिजवा.

आणि जुनं वाद्य विकू नका. एफ शार्पची की एकच सूर देते, वरचं सगळं तुम्हालाच करायचंय. 1930 च्या दशकात सिगुर्ड राशेर हा सॅक्सवादक चार सप्तकं वाजवत होता, जाक इबेर या फ्रेंच संगीतकारानं 1935 मध्ये त्याच्यासाठी जो कॉन्चेर्टिनो (सॅक्स आणि वाद्यवृंदासाठीची छोटी रचना) लिहिला त्यात हे सूर कागदावर लिहिलेले आहेत, आणि तेव्हाच्या सॅक्सवर ही की सहसा नसायचीच.

मेव्हण्याला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणतो, पण दातांनी धरल्याशिवाय पकड कशी येणार? आमच्या मास्तरांनी चार वर्षांपूर्वी कवळी बसवली. जरा चावलं की ती हलते, म्हणून ते चावतच नाहीत, आणि परवाच्या वरातीत तो वरचा जी त्यांनीच लावला, मी नाही.