प्लेटलेट्स लाळेमुळे उतरत नाहीत
डासाची लाळ रक्त गोठू देत नाही, म्हणूनच डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात, हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया काढून टाका. त्या उतरतात विषाणूमुळे आणि त्याच्याशी शरीर जे लढतं त्यामुळे. लाळेचा परिणाम सोंड शिरते तेवढ्याच जागी, तोही थोडा वेळ. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पावसाळ्यात कोणी ना कोणी रिपोर्ट हातात घेऊन हेच विचारतं, आणि असं छापून आलं की समजावणं आणखी अवघड होतं.

खरं विलक्षण ते लेखात आलंच नाही. आमच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए हे रसायन रक्त गोठायला लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नमुना गोठत नाही. डासाची मादी वेगळाच मार्ग धरते. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीसच्या लाळेतलं ॲनोफेलिन थेट थ्रॉम्बिनला, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची लाळ त्याच्या एक पायरी आधी, थ्रॉम्बिन तयार करणाऱ्या फॅक्टर टेन-ए ला. शिवाय लाळेतलं अपायरेज नावाचं एन्झाइम एडीपी, म्हणजे प्लेटलेट्सना एकत्र यायचा इशारा देणारा रेणू, तोडतं, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. चिकटत नाहीत, नष्ट होत नाहीत! एवढा फरक तरी लिहायला हवा होता.