जोडीने खाडी ओलांडताना घ्यायची खबरदारी

मे महिन्यात दोघांनीच कोकणात जायचं आणि तेही किनाऱ्याकिनाऱ्याने, एकेक खाडी बोटीने ओलांडत, असं तुमचं ठरलंच असेल तर आमचा नाइलाज आहे. उन्हाची भीती घालण्यात अर्थ नाही. ती घरच्या वडीलधाऱ्यांनी घालून झालेली असणार. आमची काळजी वेगळी आहे. मांडव्याहून जयगडपर्यंत असं जायचं म्हणजे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडीसकट बोटीवर चढावं लागतं. धक्क्यावर थांबायचं, गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट बोटीवर घालायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं. मग पलीकडचा धक्का येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं करायला काहीही नसतं. रस्ता शोधायचा नाही, खड्डा चुकवायचा नाही, ओव्हरटेक करणाऱ्याच्या कुळाचा उद्धार करायचा नाही. समोर पाणी आणि शेजारी आपलंच माणूस. लग्नाला काही वर्षं झालेल्या जोडप्याला असं बेसावध गाठणं बरं नव्हे.

तेव्हा तयारीनेच निघा.

सुरुवात सोपी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० च्या मार्चपासून सुरू झाली. तिच्यावर गाडी खालच्या मजल्यावर राहते आणि माणसं वर जातात. तासाभराचा प्रवास, पण वर गर्दी असते, खायला मिळतं, दुसऱ्यांची पोरं रेलिंगपाशी धावत असतात आणि त्यांच्या आईबापांच्या संगोपनावर तुम्हाला मतं असतात. तास कसा गेला ते कळत नाही. थंडीत तर सीगलही असतात, वेफर दाखवला की हातातून उचलतात. मेमध्ये ते आपापल्या देशी गेलेले असतात. हिवाळ्यातल्या जोडप्यांना ही सवलत मिळते आणि मेमधल्यांना मिळत नाही, हा अन्याय आहे, पण दाद कुठे मागणार?

खरी कसोटी पुढच्या खाड्यांवर. तिथे दोघांना पुरेल असा एखादा विषय घरूनच घेऊन जावा. आमच्या मते सर्वांत टिकाऊ विषय म्हणजे मुरुड. किनाऱ्यावर मुरुडं दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. दोन्हीकडे नारळी-पोफळी, दोन्हीकडे वाळू, दोन्हीकडे जेवायला सुरमई. खोली बुक करताना यांपैकी कोणतं ते अजिबात पाहू नका. फोटो छान आहेत एवढ्यावर पैसे भरा. संध्याकाळी जंजिऱ्याजवळच्या मुरुडात पोचल्यावर हॉटेलवाल्याने फोनवर ‘हर्णैच्या पुढे या’ असं सांगितलं की तुमचं काम झालं. दोन मुरुडांच्या मध्ये दोन खाड्या आहेत. आगरदांड्याला ‘बुकिंग कोणी केलं होतं?’ हा विषय घ्या, बागमांडल्याला ‘लिंक कोणी पाठवली होती?’ हा. दोन्ही खाड्या शब्दाला शब्द लावत पार होतील आणि कुठेही शांतता पसरणार नाही.

पूर्वीच्या जोडप्यांना या युक्त्यांची गरज नव्हती. मुंबईहून आगबोट निघायची, तिच्यावर चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, वळकट्या, लेकुरवाळ्या, गावातले निम्मे भावकीवाले. हर्णैसारख्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची. मग सगळ्यांनी पडावात उतरायचं, कोणाचं तरी पोर आपल्या कडेवर, आपलं गाठोडं कोणाच्या तरी डोक्यावर. नवराबायकोची नजरानजर व्हायची ती थेट गावच्या पडवीत. ती बोटसेवा बंद पडून कित्येक दशकं झाली. आता दोघांची स्वतंत्र गाडी, स्वतंत्र एसी आणि मागच्या सीटवर फक्त टोपी. एवढं एकटं कोणी कोणाला सोडलं नव्हतं.

गाडीचंच घ्या. जंगलजेटीवर गाडीतून उतरण्याचा मोह होतो. बाजूच्या कठड्याशी वारा असतो, खाडीचा खारट वास असतो, दुचाकीवाले, शाळेची मुलं, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका सगळे तिथेच उभे असतात. उतरू नका. उतरलात तर शेजारी उभं राहावं लागेल, आणि शेजारी उभं राहिलं की काहीतरी बोलावंसं वाटतं. आत बसा. काचा वर ठेवा. इंजिन बंद, म्हणजे एसी बंद, आणि महिना मे. पाच मिनिटांत दोघांनाही घाम पुसण्यापलीकडे काही सुचणार नाही. पुसायला हातरुमाल मात्र दोन घ्या. एकच असेल तर देवाणघेवाण होते.

गाडी चढवतानाचा प्रसंगही जपून हाताळा. बऱ्याचदा ती उलटी घ्यावी लागते. त्यात ओहोटी असली की धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि बंपर फळीला घासतो. अशा वेळी आपलं माणूस खाली उतरून ‘या, या, अजून या’ करायला लागतं. त्याच्याकडे मुळीच पाहू नये. जन्माची गाठ ज्याच्याशी बांधली त्याच्या हातवाऱ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला जो खलाशी आयुष्यात पहिल्यांदाच दिसतो आहे त्याने तर्जनी हलवली की डोळे मिटून मागे यायचं. आम्ही पाहिलंय, हे सगळेच करतात. खलाशीही बिचारा ते जाणून असतो. खाली उतरलेल्या माणसाला तो हळूच बाजूला उभं करतो.

आता माहितीपूर्ण नवऱ्यांसाठी. (माहितीपूर्ण बायकाही असतात, पण त्या बहुधा योग्य वेळ पाहून बोलतात.) बोट खाडीच्या मधोमध आली की रामदास बोटीची हकीकत सुरू करा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांनी ते दुःख पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरलं. तुम्ही ते सामान्यज्ञानाच्या प्रश्नासारखं सांगा. ती भर पावसाळ्यातली, उघड्या समुद्रातली बोट होती आणि तुम्ही मेच्या संथ खाडीत आहात, समोरच्या काठावर चरणारी म्हैस इथून दिसते आहे, हे सांगायचं नाही. सहप्रवाशाने कठडा घट्ट धरला की समजा, आता आपल्याखेरीज कोणी बोलणार नाही.

याहून सभ्य मार्ग म्हणजे भरती-ओहोटी. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. कोळ्यांच्या पोरालाही हा हिशेब तोंडपाठ असतो. तुम्ही मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीला करायची असते आणि हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटांचं पाणी जिच्यातून उंच उसळतं ती खडकातली अरुंद फट, भरतीला पाहायची असते. पौर्णिमेला सकाळी अकराला हरिहरेश्वरी पोचा. प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली असेल, पायऱ्यांवरूनच हात जोडून परत फिरा. मग चार दिवसांनी, चतुर्थीला सकाळी नऊला हेदवीच्या खडकांवर जा. घळीत कोरडी फट आणि दोन खेकडे. दोन्हीकडे चूक समुद्राची. पण समुद्राशी भांडता येत नाही, म्हणून शेजारच्याशी भांडायचं. हरिहरेश्वरावरून दाभोळची खाडी निघेल आणि हेदवीवरून जयगडची.

एवढं करूनही एखादी खाडी हाती शांत राहिलीच, तर फोन आहे. एकाने काठावरचं माडाचं बन टिपावं, दुसऱ्याने ते टिपणाऱ्याला टिपावं. पलीकडच्या धक्क्याला बोट लागेपर्यंत दोघांच्या फोनमध्ये एकमेकांची पाठ येते. हा अल्बम घरी गेल्यावर कोणाला दाखवायची वेळ येत नाही, ही जमेची बाजू.

दिलाशाची गोष्ट म्हणजे सरकारही तुमच्या बाजूने आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत. ते झाले की खाडी ओलांडायला गाणं अर्धंही वाजून होणार नाही. कोणालाही कोणाशेजारी उभं राहावं लागणार नाही. कधी होणार, हे विचारू नका. कोकणात पुलांचा मुहूर्त तिथीला पाऊणने गुणून निघत नाही. तोवर ज्यांना अगदीच सोसवत नाही त्यांनी मॅपमध्ये ‘फेरी टाळा’ हा पर्याय निवडावा. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, आणि मॅप तुम्हाला शांतपणे चिपळूणमार्गे पाठवतो. चार तास गेले तरी जाऊ द्या. निदान गाडी तुम्ही चालवताय.

परतीला तर बोटीचं नावच काढू नका. गणपतीपुळ्याहून निवळीला या आणि मुंबई-गोवा महामार्ग धरा. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ पासून सुरुवात झालेली आहे, म्हणजे विषयाची ददात नाही. फक्त माणगावचं सांभाळा. सुट्टी संपणाऱ्या रविवारी तिथे रांग लागते, गाडी हलत नाही आणि महामार्गावरचे तुमचे सगळे विषय लोणेऱ्यापर्यंतच संपलेले असतात. त्यासाठी निघताना हापूसची पाच डझनांची पेटी घेऊन ठेवा. रांग थांबली की ती पुढे ओढा, गवत बाजूला करा आणि एकेक आंबा दाबून पाहायला लागा. एकाने कच्चा म्हणायचं, दुसऱ्याने पिकलेला. साठ आंबे होईस्तोवर माणगाव बहुधा सुटतं.