केएच-२२ ट्रकवरून उडत नाही आणि शेजारचं घरही वाचत नाही

मराठी गेमिंगच्या ग्रुपांवर सध्या एक तक्ता फिरतोय. 'सोव्हिएत विमानी क्षेपणास्त्रे: टेबलसाठी तयार नियम' असं त्याचं नाव. चार रंगीत पानं, प्रत्येक क्षेपणास्त्रासमोर पल्ला, अचूकता आणि डॅमेजचे आकडे, आणि तळाशी ठळक अक्षरांत 'सर्व माहिती तपासलेली आहे, बिनधास्त वापरा'. लोक बिनधास्त वापरतायत, तेवढाच बिनधास्त पुढे पाठवतायत. माझ्या भाच्यानेही पाठवला. 'मामा, रविवारच्या सेशनला हेच नियम घेतोय.' बारावीतला हुशार मुलगा, पाच-सहा मित्रांना घेऊन 'ट्वायलाइट: २०००' चालवतो. त्याने विचारलंसुद्धा नाही, नुसतं कळवलं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण तो तक्ता त्याच्या एकट्याकडे गेलेला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र वठवत आणि फासे टाकत तो खेळायचा. जीडीडब्ल्यू या अमेरिकन कंपनीने तो १९८४ मध्ये काढला. तिसरं महायुद्ध होऊन गेलंय, सन २००० उजाडलंय, पोलंडमधल्या कालिशजवळ अमेरिकन डिव्हिजन मोडून पडली आहे आणि खेळाडू म्हणजे तिच्यातले विखुरलेले सैनिक. वर कुणी अधिकारी नाही, डिझेल नाही, गाड्या भट्टीत काढलेल्या अल्कोहोलवर चालतात, आणि प्रत्येक गावाशी धान्यासाठी, औषधासाठी घासाघीस करावी लागते. खेळाडू जमिनीवर असतात. वरून पडणारी वस्तू त्यांच्यावर किंवा त्यांना आसरा देणाऱ्या गावावर पडते. म्हणून ती कुठे पडते आणि किती चुकते, याचा नियम खोटा असला की अख्खा खेळ खोटा होतो.

सगळ्यात वाईट ओळ केएच-२२ची आहे. तक्ता म्हणतो: 'अचूकता २ मीटर. गावातली एकच इमारत उडवता येते, शेजारच्या घराला धक्का नाही. नागरिकांसाठी वेगळा फासा टाकू नये.'

हे वाचून मला खरोखर संताप आला. केएच-२२, म्हणजे नाटोच्या भाषेत एएस-४ किचन, हे साठच्या दशकातलं क्षेपणास्त्र आहे. जवळजवळ पावणेबारा मीटर लांब, साडेपाच टनांहून जड, पोटात सुमारे एक टनाचं स्फोटक. ते बनवलं ते अमेरिकन विमानवाहू जहाजं बुडवायला. मोकळ्या समुद्रात पोलादी जहाज रडारवर स्वच्छ दिसतं, त्यामुळे विमानाच्या रडारने लक्ष्य पकडायचं, क्षेपणास्त्राच्या नाकातल्या रडारला ते दाखवायचं आणि सोडून द्यायचं, अशी ती पद्धत. जमिनीवरच्या ठिकाणांसाठी वेगळा प्रकार होता, पण त्याच्यावर अण्वस्त्र बसायचं. अण्वस्त्राला शेकडो मीटरची चूक चालते. साध्या स्फोटकाचं तेच क्षेपणास्त्र शहरावर सोडलं, तर ती चूक लोकांच्या घरांवर जाते. शहरातल्या रडारच्या चित्रात इमारती, गोदामं, पूल सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं आणि त्यातून हवी तीच इमारत निवडण्याची कुवत या यंत्रात नाही.

यावर वाद घालणाऱ्यांसाठी एकच दाखला पुरे आहे. ११ जून २०२२ला ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने युक्रेन युद्धावरच्या आपल्या रोजच्या टिपणात याच क्षेपणास्त्राबद्दल लिहिलं. त्याचा आशय असा: साठच्या दशकातली, साडेपाच टनांची ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं मुख्यतः अण्वस्त्राने विमानवाहू जहाजं नष्ट करण्यासाठी बनवली होती, साध्या स्फोटकासह जमिनीवर वापरली की ती लक्ष्यापासून फार चुकतात आणि त्यामुळे आजूबाजूला मोठी हानी व नागरिकांचे बळी जाऊ शकतात. सोळा दिवसांनी, २७ जूनला, युक्रेनमधल्या क्रेमेनचुक शहरात रशियाची दोन केएच-२२ पडली. एक कारखान्याच्या आवारात, दुसरं साधारण अर्ध्या किलोमीटरवरच्या, भर दुपारी चालू असलेल्या मॉलवर. वीसहून अधिक माणसं गेली. १४ जानेवारी २०२३ला निप्रो शहरात नऊ मजली रहिवासी इमारतीचा मधला भागच कोसळला, ४६ जण मेले. युक्रेनच्या हवाई दलाने तेव्हा सांगितलं की तोही मारा केएच-२२चाच होता.

आता हे टेबलावर आणा. खेळाच्या नव्या आवृत्तीत नकाशावरचा एक हेक्स, म्हणजे षटकोनी घर, दहा मीटरचा असतो. क्रेमेनचुकमधलं अर्ध्या किलोमीटरचं अंतर म्हणजे पन्नास हेक्स. बहुतेकांचा नकाशाच तेवढा नसतो. म्हणजे केएच-२२साठी 'लागलं की चुकलं' असा फासा टाकण्यात अर्थच नाही. जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधी ठरवावं की ते नकाशावर पडतंय की नकाशाबाहेरच्या गावात, आणि मग त्या गावाचं काय झालं ते खेळाडूंना चालत जाऊन पाहू द्यावं. तक्त्यातलं 'नागरिकांसाठी फासा टाकू नये' हे वाक्य मात्र खोडलंच पाहिजे. खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं मला ग्रुपवर दोघांनी ऐकवलं. तक्त्याने 'काल्पनिक' लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्याने 'तपासलेली माहिती' लिहिलंय, आणि सतरा वर्षांची मुलं ती खरी मानून उद्या बातम्या वाचणार आहेत.

याच क्षेपणास्त्राबद्दल पुढचा दावा आणखी अचाट आहे: 'पडीक तळावर केएच-२२ सापडल्यास टाक्यांत भट्टीचे अल्कोहोल भरून ट्रकवरून डागता येते. मेकॅनिक कौशल्याची एक चाचणी.'

त्या इंजिनात दोन द्रव जातात. एक टीजी-०२ नावाचं विषारी अमाइन इंधन आणि दुसरं नायट्रिक आम्लावर आधारलेलं ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं द्रव. दोन्ही एकमेकांना भेटताच आपोआप पेटतात. ठिणगीची व्यवस्था लागत नाही म्हणूनच ती जोडी निवडलेली. त्या जागी अल्कोहोल ओतलं तर तसं पेटणार नाही, आणि ऑक्सिडायझर तर भट्टीत निघतही नाही. भरणारी माणसं रबरी पोशाख आणि मुखवटा चढवून काम करायची, कारण गळती झाली तर आम्ल कातडी जाळतं आणि वाफ फुप्फुसं. पडीक तळावर वर्षानुवर्षं पडलेल्या अशा क्षेपणास्त्राजवळ गेलेल्या पात्राला खरं तर विषबाधेची चाचणी द्यायला हवी. शिवाय ते उडतं कसं? टीयू-२२एमसारखं अवजड बॉम्बर ते पोटाखाली घेऊन उंच जातं, वेग देतं, सोडतं. ते आधी खाली पडतं, मग इंजिन पेटतं, मग ते वीस किलोमीटरहून वर चढून आवाजाच्या तिपटीहून जास्त वेगाने लक्ष्याकडे झेपावतं. ट्रकवर यातलं काहीच नाही. लक्ष्य दाखवणारं रडार नाही, सुरुवातीचा वेग नाही, उंची नाही. या चाचणीला किती कठीण आकडा ठेवावा, असं एकाने विचारलंय. ती चाचणीच नको.

लेझरच्या ओळीकडे वळतो. 'केएच-२५ आणि केएच-२९ लेझरवर चालतात, म्हणून आपोआप लागतात, फासा नको.' हे चूक आहे आणि खेळाच्या दृष्टीने नुकसानीचंही, कारण इथेच सगळ्यात चांगला प्रसंग दडलाय. केएच-२५एमएल आणि केएच-२९एल स्वतः लेझर टाकत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवायचा आणि क्षेपणास्त्राने त्या परावर्तित प्रकाशाकडे जायचं. बहुतेकदा ठिपका धरणारं विमान तेच असतं. सुखोई-२५च्या नाकात त्यासाठी 'क्लेन' नावाचं उपकरण आहे. म्हणजे क्षेपणास्त्र आदळेपर्यंत वैमानिकाला लक्ष्याच्या दिशेनेच उडत राहावं लागतं, आणि खालून कुणी विमानविरोधी तोफ चालवत असेल तर त्याला ती वेळ पुरते. मध्ये ढग, धूर किंवा धूळ आली की ठिपका हरवतो. अफगाणिस्तानात सुखोई-२५नी गुहांच्या तोंडांवर ही क्षेपणास्त्रं वापरली, आणि काही वेळा लेझर जमिनीवरच्या चिलखती गाडीतून टाकला जायचा.

विचार करा, जमिनीवरची ती गाडी खेळाडूंच्या ताब्यात आली तर? किंवा शत्रूची तशी गाडी टेकडीवर उभी आहे आणि विमान यायच्या आत ती शोधायची आहे? प्रत्येक राउंडला ठिपका टिकला की नाही याचा फासा टाका, धुराच्या हातबॉम्बला किंमत येऊ द्या. त्याआधीच्या केएच-२३मध्ये तर वैमानिक शेपटीवरचा जळता दिवा डोळ्याने पाहत छोट्या दांडीने क्षेपणास्त्र वळवायचा. तिथे वैमानिकाच्या धीराचाच फासा. 'आपोआप लागतं' म्हणून हे सगळं फेकून देणं मला समजत नाही. आणि ही शस्त्रं आपल्यालाही परकी नाहीत. ती वाहून नेणारं मिग-२७ नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनत होतं, २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरहून त्याने शेवटचं उड्डाण केलं. ओझरला काम केलेली माणसं आपल्या ओळखीपाळखीत निघतील. तक्ता करणाऱ्याने त्यांच्यापैकी एकाला विचारलं असतं तरी ही ओळ छापली गेली नसती.

डॅमेजच्या रकान्यात आर-६० आणि केएच-२९ यांना एकच आकडा आहे. आर-६०चं स्फोटक साधारण तीन किलो, केएच-२९चं तीनशेहून अधिक किलो. पहिलं विमान पाडायला, दुसरं काँक्रीटचे निवारे आणि पूल फोडायला. विमान पाडायला तीन किलो पुरतात हे आपल्याला माहीत असायला हवं: १० ऑगस्ट १९९९ला कच्छच्या रणावर भारतीय मिग-२१ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान आर-६०नेच पाडलं. पण तेच पुलावर मारलं तर पूल उभाच राहील. बाकी त्याच रकान्यात 'केएच-२२' आणि 'किचन' ही दोन वेगळी क्षेपणास्त्रं म्हणून दोनदा आली आहेत, दोन्हींचे आकडे निराळे. यावर जास्त लिहीत नाही.

'सगळी सोव्हिएत क्षेपणास्त्रे अमेरिकेची नक्कल आहेत, म्हणून सर्वांना उणे दोन.' उणे दोन म्हणजे फाशाच्या आकड्यातून दोन वजा. यातला एक भाग मला मान्य करावा लागतो, आणि तो करतो. के-१३ ही साइडवाइंडर या अमेरिकन विमानी क्षेपणास्त्राची नक्कलच होती. २४ सप्टेंबर १९५८ला तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या चकमकीत एक साइडवाइंडर चिनी मिग-१७मध्ये न फुटता अडकून राहिलं, तिथून ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेलं आणि त्यावरून के-१३ बनलं. आपल्या मिग-२१वर हेच होतं. पण एका नकलेवरून सगळ्यांना उणे दोन कसं लागतं? १९९० मध्ये जर्मनी एक झाली, पूर्व जर्मनीची मिग-२९ विमानं आर-७३ क्षेपणास्त्रांसह पश्चिमेच्या हाती आली. वैमानिक शिरस्त्राणातून ज्या विमानाकडे पाहील तिकडे आर-७३चं डोकं वळायचं, मग ते विमान नाकासमोर नसलं तरी चालायचं. सरावात जवळच्या झुंजीत नाटोचे वैमानिक त्याच्यासमोर अडचणीत आले, कारण त्यांच्याकडे तेव्हा तसं काही नव्हतं. त्याला उणे दोन देणं चूक, जवळच्या पल्ल्यात अधिक द्यायला हवं.

कराचीच्या ओळीवर फार वेळ घालवत नाही. 'भारताने १९७१ मध्ये हीच विमानी क्षेपणास्त्रे टाकून कराची पेटवली' असं त्यात लिहिलंय. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ मारा केला तो निपात, निर्घात आणि वीर या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी. त्यांच्यावरचं पी-१५ सोव्हिएतच, पण नौकेवरून सुटणारं. नौदलाचं श्रेय विमानांना देऊ नका.

शेवटची ओळ केएच-५५ची: 'युक्रेनच्या काळ्या बाजारात विकत मिळते.' इथेही थोडं खरं आहे. २००० आणि २००१ मध्ये युक्रेनमधून बारा केएच-५५ इराणला आणि सहा चीनला चोरून गेली, हे २००५ मध्ये युक्रेनच्या महाभियोक्त्याने कबूल केलं. खेळाच्या काळाशी हे चांगलं जुळतं. पण गिऱ्हाईक सरकारं होती, अण्वस्त्राचा भाग सोबत नव्हता, आणि अडीच हजार किलोमीटर जाणारं हे क्षेपणास्त्र सोडायला टीयू-९५ किंवा टीयू-१६०सारखं बॉम्बर लागतं. खेळाडूंना ते विकत घेऊन वापरू देऊ नका. कुणीतरी ते सीमेपलीकडे नेतंय आणि वाटेतल्या पुलावर तुमची माणसं पहारा देतायत, एवढं ठेवा. भाच्याला मी हेच सुचवलंय, आणि तक्त्यातल्या केएच-२२च्या दोन्ही ओळी काढून टाकायला सांगितल्यायत.