तुमच्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर: एप्रिलमधलं तोसा दे मार

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते स्वतःचा बचाव केल्यासारखं झालं असतं, म्हणून आज तुमची फाइल समोर ठेवून लिहायला बसले आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई, त्यांचे मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ट्रॅव्हल एजन्सीमार्फत स्पेनला, कोस्ता ब्रावावरच्या तोसा दे मार या गावी गेले होते. त्यांची तक्रार अशी: पाणी इतकं गार होतं की मुलं गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. चढामुळे सासूबाई तीन दिवस खोलीतच बसून राहिल्या. ‘समुद्राला लागून’ म्हणून घेतलेल्या खोलीतून पार्किंग दिसत होतं. संध्याकाळी सातला जेवण मिळत नव्हतं. गावात बघण्यासारखं काही नव्हतं. आणि आम्ही तिथे पाठवलं ते कमिशनसाठी.

ताई, पाण्याबद्दलची तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि चूक माझी आहे. एप्रिलअखेर तिथला समुद्र १५ अंशांच्या आसपास असतो. आपल्या तारकर्लीला मे महिन्यात तो २८-३० अंश असतो, त्यामुळे आपल्या मुलांना ‘समुद्र’ म्हटलं की कोमट पाणीच माहीत. दुपारी ऊन छान पडतं, फोटोत सगळं निळंशार दिसतं, पण समुद्र हवेच्या मागून, फार सावकाश तापतो. पोहण्याजोगा होतो जूनच्या मध्यापासून, आणि सगळ्यात उबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागते तेव्हाच तिथलं पाणी हिवाळ्याच्या गारठ्यातून नुकतं बाहेर येत असतं. हे मला माहीत होतं. तुम्ही ‘मुलांना समुद्रात खेळायचंय’ असं पहिल्याच फोनवर सांगितलं होतंत, तेव्हाच मी हे बोलायला हवं होतं.

पण तुम्ही लिहिलंय की ‘त्यापेक्षा मालागाला पाठवलं असतं तर पाणी तरी गरम मिळालं असतं’. हे मात्र तसं नाही, आणि पुढे कोणी हे वाचून बुकिंग करू नये म्हणून सांगते. मालागा, तोरेमोलिनोस, नेर्खा हा कोस्ता देल सोलचा भाग दक्षिणेला आहे, हवा उबदार आहे, पण समुद्र उबदार नाही. जेमतेम १४ किलोमीटर रुंदीच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी त्या किनाऱ्याकडे येत राहतं. ऐन ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या आलिकांतेला पाणी २६ अंशांवर असतं, तेव्हा मालागाला ते बऱ्याचदा २२-२३ असतं. एप्रिलमध्ये आफ्रिकेजवळच्या, स्पेनच्याच कॅनरी बेटांवरसुद्धा १९ अंशांच्या आसपासच मिळतं. म्हणजे त्या आठवड्यात मुलांना मनसोक्त डुंबता येईल असा किनारा मी तुम्हाला स्पेनमध्ये कुठेच देऊ शकले नसते. खरा सल्ला हाच होता: गरम पाण्याचा पूल असलेलं हॉटेल घ्या, नाहीतर सहल दिवाळीच्या सुट्टीत न्या. ऑक्टोबरमध्ये तिथे हवा गार व्हायला लागते, पण पाणी मे महिन्यापेक्षा उबदार असतं. त्यातही जोखीम आहेच. शरद ऋतूत व्हालेन्सिया-आलिकांतेच्या बाजूला फार जोराचा पाऊस कोसळू शकतो. २९ ऑक्टोबर २०२४ चा व्हालेन्सियाचा पूर सगळ्यांनी पाहिला. शिवाय कोस्ता ब्रावावरची बरीच हॉटेलं त्याच महिन्यात हंगाम संपवून बंद होतात.

आता सासूबाईंबद्दल. रिव्ह्यूमधलं हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. मी गेले होते सप्टेंबरमध्ये, एकटी, धडधाकट पायांनी. ते गाव मला मनापासून आवडलं, आणि तुम्ही ‘गर्दी नको, उंच इमारती नकोत’ म्हणालात तेव्हा माझ्या तोंडून तेच नाव आलं. गुडघ्यांचं तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलं होतं. मी ते विमानतळावरच्या व्हीलचेअरपुरतं वाचलं, गावाच्या रस्त्यांशी जोडून पाहिलं नाही. कोस्ता ब्रावा म्हणजे कड्यांचा, खडकांमधल्या छोट्या छोट्या खाड्यांचा किनारा. गावं उतारावर, जुन्या भागात दगडी फरशी. वाळूही जाड, आणि जाड वाळूचा किनारा पाण्यात पटकन खोल उतरतो, म्हणून लहान मुलांनाही तो फारसा सोयीचा नाही. शिवाय तोसाला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बसने दीड तासाच्या आसपास लागतो.

तुमच्या कुटुंबासाठी त्याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेचं सित्जेस हे गाव योग्य होतं. बार्सिलोनाहून लोकल ट्रेनने साधारण ४० मिनिटं, समुद्राच्या कडेने सपाट, लांबलचक फिरण्याचा रस्ता, बारीक वाळू. किंवा सालोऊ: उथळ किनारा आणि शेजारी १९९५ पासून सुरू असलेलं पोर्टअव्हेंतुरा थीम पार्क, म्हणजे पाणी गार असलं तरी मुलांचे दोन दिवस आनंदात गेले असते. उंच इमारती नकोत म्हणून मी आलिकांतेजवळच्या, उंच इमारतींच्या बेनिदोर्मचं नाव काढलं नाही, पण ते सुचवून निर्णय तुमच्यावर सोडायला हवा होता. तिथे दोन्ही मोठे किनारे सपाट आहेत, आलिकांतेहून ट्राम जाते, आणि स्पॅनिश सरकारच्या ज्येष्ठांच्या सहलींमुळे ते गाव हिवाळ्यातसुद्धा चालू असतं. सासूबाईंना रोज संध्याकाळी बाकावर बसायला बरोबरीच्या वयाची माणसं दिसली असती.

खोलीबद्दल: हॉटेलच्या कागदावर ‘प्रिमेरा लीनेआ’ असं होतं. त्याचा अर्थ एवढाच की हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये दुसरी इमारत नाही. खोलीतून समुद्र दिसायचा असेल तर ‘व्हिस्तास आल मार’ असं वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि पैसेही जास्त पडतात. हा फरक आम्हाला कळतो, तुम्हाला कळण्याचं कारण नाही. समजावून सांगायचं काम आमचं होतं.

जेवणाच्या वेळांचंही तसंच. रात्रीची स्वयंपाकघरं आठ-साडेआठच्या आधी सहसा उघडत नाहीत, हे सांगायचं राहिलं. शाकाहारासाठी स्पॅनिशमध्ये लिहिलेला कागद मात्र आम्ही दिला होता आणि तो तुमच्या उपयोगी पडला, असं तुम्हीच मेसेजमध्ये कळवलं होतंत. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं की तिथे सॅलडवर ट्यूना मासा हमखास येतो, म्हणून त्यात ‘सिन आतून, सिन हामोन’ (ट्यूनाशिवाय, हॅमशिवाय) असं मुद्दाम लिहिलेलं असतं.

गावात बघण्यासारखं काही नाही, हे मला मान्य करता येत नाही. समुद्रावर झुकलेली तटबंदीची जुनी वस्ती, व्हिला व्हेया, स्पेनच्या या कातालोनिया प्रांताच्या किनाऱ्यावर इतक्या चांगल्या अवस्थेत दुसरीकडे उरलेली नाही. १९३० च्या दशकात चित्रकार मार्क शगाल तिथे राहून गेला, त्याचं चित्र तिथल्या संग्रहालयात आहे. सासूबाईंना खोलीत एकटं ठेवून तुम्हाला ते बघावंसं वाटलं नाही, हे मी समजू शकते. ते गावाचं उणेपण नाही, आमच्या निवडीचं आहे.

कमिशन आम्हाला मिळतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सित्जेसच्या हॉटेलकडूनही तेवढंच मिळालं असतं.

आमची संपूर्ण सेवा फी आज तुमच्या खात्यात परत पाठवली आहे. त्यासाठी रिव्ह्यू बदलू नका, काढूही नका. या आठवड्यापासून आमच्या फॉर्मवर पहिले दोन प्रश्न बदलले आहेत: कोणत्या महिन्यात जाणार, आणि बरोबरच्यांपैकी सगळ्यात कमी कोण चालू शकतं. देश आणि किनारा त्यानंतर.

रविवारी दुपारी फोन करेन. तुमच्याशी बोलायचंच आहे, पण सासूबाईंशी दोन मिनिटं बोलायला मिळालं तर बरं वाटेल. त्यांची माफी मला त्यांच्याकडेच मागायची आहे.