रिमॅपनंतरचं भांडण गाडी आत घेतानाच मिटवा

परफॉर्मन्स गॅरेज चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. तिथे गाडी सोडणाऱ्यांनीही वाचलं तर बरंच. पोस्ट लांब आहे.

साध्या सर्व्हिसिंगमध्ये गिऱ्हाइकाला काय मिळालं ते दिसतं. जुना ऑइल फिल्टर दाखवता येतो, झिजलेले ब्रेक पॅड हातात देता येतात. रिमॅपमध्ये हातात देण्यासारखं काहीच नसतं, जास्त ताकदीसाठी ईसीयूमधली (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधली) एक फाइल बदललेली असते. तिच्यासाठी माणूस हजारो रुपये मोजतो, वर कंपनीची वॉरंटी पणाला लावतो. मग घरी गेल्यावर प्रत्येक आवाज त्याला नवा वाटतो. डॅशबोर्डचा खडखडाट आधीपासूनचाच असतो, पण आता तो कान देऊन ऐकत असतो. अशा माणसाला कटकट्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझं मत वेगळं आहे. यातली बहुतेक भांडणं गाडी आत घेताना न केलेल्या तपासणीतून आणि न लिहिलेल्या नोंदीतून येतात.

क्लचचंच घ्या. "तुम्ही रिमॅप केलं आणि माझा क्लच गेला" हे वाक्य ऐकलं नाही असं ट्यूनिंगचं गॅरेज नसेल. ७५ पीएसचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल स्टॉकमध्ये, म्हणजे कंपनीतून येतं तसं, १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. रिमॅपनंतर तो २३०-२४० पर्यंत सहज जातो. क्लच प्लेट धरून ठेवतो तो प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि उरलेल्या लायनिंगवर. ऐंशी हजार किलोमीटर चाललेला क्लच १९० कसाबसा धरत असेल, तर २३० ला तो घसरणारच. घसरला की तापतो, तापला की प्लेटला चकाकी येते, आणि मग तो १९० सुद्धा धरत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं म्हणणं खरंच आहे, काल गाडी चालत होती आणि आज चालत नाही.

हे टाळायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरला १५०० आरपीएमच्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच संपत आलाय. ही टेस्ट मालकाला शेजारी बसवून करा. त्याने स्वतः काटा पळताना पाहिला की पुढचं बोलणं दोन वाक्यांत होतं: आधी क्लच, मग रिमॅप. आणि नवा क्लच टाकला तर पहिले ७००-८०० किलोमीटर गाडी ओढायची नाही, हे बिलावरच लिहा. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

ऑटोमॅटिकमध्ये हा प्रश्न आणखी नाजूक आहे. फोक्सवॅगन समूहाच्या १.५ टीएसआय पेट्रोल इंजिनाचा स्टॉक टॉर्क २५० न्यूटन मीटर. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२०० ची, कंपनीने दिलेली मर्यादाही २५०. म्हणजे वर जे काही द्याल ते गिअरबॉक्सच्या खिशातून. "काही होत नाही, सगळे करतात" असं काउंटरवर सांगणारा ट्यूनर स्वतःचं उद्याचं भांडण आज विकत घेतो. खालच्या आरपीएमला टॉर्क दाबून ठेवणारी फाइल देता येते, पण तिने पाठीला बसणारा झटका कमी जाणवतो. गिऱ्हाइकाला दोन्ही पर्याय सांगा, त्याने कुठला निवडला ते जॉब कार्डावर लिहा आणि सही घ्या.

गाडी आत आली की माझ्या मते एवढं झाल्याशिवाय बॉनेट उघडूच नये: चारही बाजूंचे फोटो, चालू इंजिनासह डॅशबोर्डचा फोटो (किलोमीटर, इंधन, पेटलेले दिवे), सगळ्या मॉड्यूलचा (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांचा) स्कॅन आणि त्याची प्रत मालकाच्या व्हॉट्सॲपवर. पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी पडतोय, हा बिघाडाचा कोड आधीपासून असेल तर तो त्याच्यासमोरच दिसला पाहिजे. मग स्मोक मशीन लावून इंटेकची (हवा आत घेणाऱ्या मार्गाची) गळती बघा. इंटरकूलरच्या होजला बारीक चीर असली की स्टॉक बूस्टला ती गप्प बसते आणि वाढीव बूस्टला फाटते. पेट्रोल असेल तर प्लग काढा, गॅप मोजा, काढलेच आहेत तर कॉम्प्रेशनही घ्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या इंजिनावर रिमॅप करू नका, कितीही आग्रह झाला तरी. शेवटी मूळ फाइल वाचून चासी नंबरच्या नावाने जपून ठेवा. ईसीयू लिहिताना बॅटरीला स्थिर सप्लाय लावा, व्होल्टेज मध्येच पडलं तर ईसीयू मरतो आणि ती चूक सर्वस्वी आपली असते.

या तपासणीचे वेगळे पैसे घ्या. फुकट तपासणीला कोणी किंमत देत नाही, आणि तपासून "तुमच्या गाडीवर हे काम करू नका" असं सांगण्याचं बळही त्या पैशातूनच येतं.

डायनोच्या, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवरून होणारे वाद वेगळ्या जातीचे. "मित्राच्या सेम गाडीने १७० दाखवले, माझी १५५ वरच का?" इथे चिडून उपयोग नाही, समजावून सांगावं लागतं. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाची, रोलरवर मोजली जाते ती चाकाची. मधे गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि टायर आपापला वाटा खातात. त्यात करेक्शनची, म्हणजे हवेच्या तापमान-दाबाप्रमाणे आकडा दुरुस्त करण्याची, भानगड. एसएई जे१३४९ हा हिशेब २५ अंश सेल्सियस गृहीत धरतो. जुना एसटीडी हिशेब १५.५ अंश आणि जास्त हवेचा दाब धरतो, म्हणून तोच रन त्यात सुमारे ४ टक्के जास्त दिसतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे सरळ जाणवतं. टर्बो गाडीचा ईसीयू बूस्ट सांभाळून बरीचशी भरपाई करतो, आणि मग वरून पूर्ण करेक्शन लावलं की आकडा फुगतो. म्हणून मी म्हणतो, डायनोचा एकटा आकडा कधीच देऊ नका. त्याच दिवशी, त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आधीचे तीन रन आणि नंतरचे तीन रन काढा. दोन्ही आलेख एकाच कागदावर छापा आणि करेक्शन कुठलं ते खाली लिहा. गिऱ्हाइकाने फरकाचे पैसे दिलेत, त्याला फरक दाखवा.

मायलेजची तक्रारही अशीच मोजून सोडवायची असते. डॅशबोर्डवरचा आकडा बाजूला ठेवायला सांगा. एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप शून्य करायची, पुन्हा तशीच भरायची. असं तीन टाक्या. तरीही कमी आलं तर गाडी परत घ्या आणि लॉग (चालत्या गाडीत ईसीयूमधून नोंदवलेले आकडे) काढा. ९५ ऑक्टेनवर बनवलेल्या फाइलवर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलेलं असलं की ते सिलिंडरमध्ये अवेळी पेटतं (नॉकिंग), नॉक सेन्सर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचतो, ताकद आणि मायलेज दोन्ही जातं. ते लॉगमध्ये सिलिंडरनिहाय स्वच्छ दिसतं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत "फक्त ९५ किंवा वर" असा स्टिकर लावणं हे सगळ्यात स्वस्त भांडण-प्रतिबंधक काम आहे. पंपावरचा मुलगा तो वाचतो, घरातला दुसरा चालवणाराही वाचतो.

वॉरंटीबद्दल खोटं बोलू नका. "सर्व्हिसिंगआधी स्टॉक करून देतो, त्यांना कळत नाही" हे वाक्य आपल्या धंद्याला लागलेली कीड आहे. अनेक ईसीयू किती वेळा लिहिले गेले ते मोजून ठेवतात. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत डीलरने ऑनलाइन तपासणी केली आणि फाइल जुळली नाही, तर चासी नंबरवर टीडी१ ही खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडते. ही खूण एका डीलरकडे पडली की समूहाच्या दुसऱ्या डीलरलाही दिसते. नव्या गाडीच्या मालकाला हे आधी सांगितलं तर दोन-चार जण परत जातील. जाऊ देत.

आवाजाच्या मागणीत मात्र समजावण्यापेक्षा नकार जास्त कामाचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप, डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारी गाळणी) काढणं, सायलेन्सर पोकळ करणं, कॅट असलेल्या गाडीत पॉप्स अँड बँग्स. शेवटच्यात पाय काढल्यावरही इंधन सोडून टायमिंग इतकं मागे नेतात की ते एक्झॉस्टमध्ये पेटतं. उष्णतेने कॅटमधली जाळी वितळते आणि पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही, हा कोड येतो. कायद्याच्या बाजूने गाडीतले बेकायदा बदल रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कलम १८२अ नुसार मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० मध्ये पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. "दंड मी भरीन, तुम्ही करा" म्हणणारा माणूस दंड पडल्यावर गॅरेजच्याच दारात येतो. आणि रात्री दोन वाजता त्या आवाजाने दचकून उठणारं म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आपलं गिऱ्हाईक नसतं, म्हणून त्यांचा विचार करायचा नाही असं थोडंच आहे?

ऑनलाइन मागवलेले पार्ट घेऊन येणाऱ्यांना सरसकट हाकलू नये. बसवा, पण अटी लिहून. पार्टची हमी नाही, बसला नाही तरी मजुरी लागेल, काढून परत बसवायची वेळ आली तर मजुरी दुसऱ्यांदा लागेल. प्लग मात्र बनावट फार येतात, ते आणलेले बसवू नका. तेल लावायच्या कॉटनच्या एअर फिल्टरला धुऊन जास्त तेल लावलं तर ते मास एअर फ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह मास एअर फ्लोवाल्या गाडीला लावला तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने इंधन जास्त पडतं) आणि गाडी सिग्नलला बंद पडते. हे बसवण्याआधी सांगितलं तर सल्ला ठरतो, नंतर सांगितलं तर सबब.

आता इंजिनच गेलं तर. इथे घाईने एक शब्दही बोलू नका, ना "आमची चूक नाही" ना "बघतो, करून देतो". गाडी ओढून आणा, ईसीयू पुन्हा लिहू नका, आहे ती फाइल आणि सगळे कोड वाचून ठेवा. इंजिन मालकासमोर किंवा त्याच्या भरवशाच्या मेकॅनिकसमोर उघडा, व्हिडिओ काढा, तुटलेले भाग पिशवीत घालून जपा. प्लगच्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली असेल, तर नॉकिंग झालंय. मग प्रश्न उरतो की फाइल आक्रमक होती की पेट्रोल हलकं होतं, आणि डिलिव्हरीच्या वेळचा लॉग इथे साक्ष देतो. एकच पिस्टन वितळलेला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासा. बेअरिंग निळं पडून फिरलेलं असेल तर ऑइल कमी पडलंय, स्टिकवर किती होतं ते बघा. फाइलची चूक निघाली तर खर्च गॅरेजने उचलायचा, हप्त्याने का होईना.

रागावलेल्या माणसाशी गाडीचं काम चालतं त्या बे मध्ये, गॅरेजच्या पोरांसमोर बोलू नका. एकाच माणसाने बोलायचं, तेही त्याचं पूर्ण ऐकून. मग गाडीची चावी त्याच्या हातात द्या, आपण शेजारी बसा आणि त्याला तो आवाज, तो झटका स्वतः काढून दाखवू द्या. शिवीगाळ किंवा फिटरच्या अंगावर हात ही मात्र रेघ आहे. तिथे काम थांबवायचं, झालेल्या कामाचा हिशेब करायचा आणि गाडी द्यायची.

पैशाबद्दल एक गोष्ट बऱ्याच गॅरेजवाल्यांना माहीत नसते. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर तुम्ही मेहनत आणि कौशल्य लावून काम केलंय, ती मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवता येते. पण उधारी कबूल केली असेल किंवा गाडी एकदा हातातून सोडली असेल, तर हा हक्क टिकत नाही. आणि मंजूर न केलेल्या कामाच्या पैशासाठी तो वापरायला जाऊ नका. म्हणून वाढीव काम निघालं की फोनवर होकार मिळाला तरी व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून "मंजूर" हा शब्द मागवून घ्या, मगच स्पॅनर लावा. पार्टचे पैसे पूर्ण आगाऊ घ्या, मजुरी डिलिव्हरीला. ॲम्बी व्हॅलीतल्या ड्रॅगसारख्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) इव्हेंटच्या आठवडाभर आधी बाहेरून येणाऱ्या पार्टसाठी तारखेचा शब्द देऊ नका, कस्टम्स आपल्या हातात नसतं. गाडी देताना चाकांचे नट टॉर्क रेंचने बघा, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघायला बोलवा, आणि पाचशेला होज क्लॅम्प व ऑइल लेव्हल. ती तारीख जॉब कार्डावर घाला आणि आदल्या दिवशी आपणहून फोन करा.